बागकाम शिकायला पैसे मिळतात. मागायचे कसे ते सांगते

इंग्लंडमध्ये बागेत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. कोणी दापोलीहून उद्यानविद्येची पदवी घेऊन इथे एमएस्सीला आलेला असतो, कोणी नवऱ्याच्या व्हिसावर येऊन ऑफिसऐवजी खुरपं धरलेली असते, कोणी लेस्टरमध्येच जन्मलेली असते. पगार सगळ्यांचाच बेताचा, माळ्याचा पगार इथेही माळ्याचाच असतो. पण या देशात एक सोय आहे आणि ती आपली माणसं फारशी वापरत नाहीत. इथले ट्रस्ट आणि सोसायट्या तरुण माळ्यांना झाडं बघायला परदेशी पाठवतात, कोर्सची फी भरतात आणि बदल्यात बाँड वगैरे काही लिहून घेत नाहीत. परत आल्यावर एक रिपोर्ट द्यायचा, बस्स. "आपल्याला कुठे देणार" असं म्हणून अर्जच न करणारे खूप दिसतात. त्यात आपली मुलं पहिल्या नंबरावर.

मी केंटमधल्या एका खासगी बागेत काम करते. ज्युनिअर माळ्यांचे अर्ज पाठवण्याआधी वाचून देते, आणि वाचता वाचता माझं एक ठाम मत झालंय: अर्ज शेवटाकडून लिहायचा. आधी परतल्यावर बागेतल्या कोणत्या वाफ्यात काय बदलणार ते लिहा, मग कुठे जाणार ते, आणि किती पैसे हवेत ते सगळ्यात शेवटी. बहुतेकजण नेमकं उलटं करतात. विमानाच्या तिकिटापासून सुरुवात करतात आणि वाफ्यापर्यंत पोचतच नाहीत.

पैसे कोण देतं

पहिलं नाव मर्लिन ट्रस्टचं. त्याच्यामागची गोष्ट माहीत असावी, कारण ती कळली की कसा अर्ज आवडेल तेही कळतं. व्हॅलरी फिनिस ही बाई १९४२ साली ऑक्सफर्डजवळच्या वॉटरपेरी या मुलींच्या बागकाम शाळेत विद्यार्थिनी म्हणून गेली आणि शिकवायला तिथेच राहिली. शाळा बिअट्रिक्स हॅव्हरगल या करड्या शिस्तीच्या बाईंची. फिनिसचा हात डोंगरी झाडांवर, म्हणजे दगडांच्या फटीत वाढणाऱ्या बुटक्या अल्पाइन झाडांवर बसलेला, आणि फोटोही ती उत्तम काढायची. १९७० साली तिने सर डेव्हिड स्कॉट यांच्याशी लग्न केलं. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे होते आणि झाडांचे तितकेच वेडे. त्यांचा मुलगा मर्लिन दुसऱ्या महायुद्धात मारला गेला होता. सर डेव्हिड गेल्यानंतर, १९९० साली फिनिसने त्या मुलाच्या नावाने ट्रस्ट काढला: तरुण माळ्यांनी बाहेर पडावं, झाडं त्यांच्या घरी जाऊन बघावीत म्हणून. ती २००६ साली वारली. फिकट निळ्या फुलांचं म्युस्कारी 'व्हॅलरी फिनिस' आणि रुपेरी पानांची आर्टेमिसिया 'व्हॅलरी फिनिस' इथल्या कुठल्याही बऱ्या नर्सरीत मिळते. आमच्या बागेत दोन्ही आहेत.

तर हा पैसा हाताला माती लागलेल्या एका बाईचा आहे. विद्यापीठी थाटाचा प्रस्ताव तिथे शोभत नाही. साधारण १८ ते ३५ वयाचे, किंवा या धंद्यात नुकतेच आलेले, असे अर्जदार त्यांना हवे असतात. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे पासपोर्ट ब्रिटिशच पाहिजे असं नाही, इथे राहत असलात तरी चालतं. वयाची आणि कागदपत्रांची अट त्या वर्षीच्या अर्जावर वाचूनच पुढे जा, असे नियम मधूनमधून बदलतात.

दुसरा प्रोफेशनल गार्डनर्स ट्रस्ट. हा प्रवासापेक्षा शिक्षणाचा. पगारी माळी म्हणून काम करत असाल आणि आरएचएस या बागकाम सोसायटीची लेव्हल टू, लेव्हल थ्री ही प्रमाणपत्रं करायची असतील, एखादा छोटा कोर्स करायचा असेल, दुसऱ्या बागेत जाऊन काही दिवस हाताखाली शिकायचं असेल, तर यांच्याकडे जायचं. छाटणीच्या दोन दिवसांच्या वर्गाला मालक पैसे देत नाही म्हणून गप्प बसणारी मुलं मी पाहिलीत. त्याच कामासाठी हा ट्रस्ट आहे.

आरएचएस म्हणजे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, १८०४ पासूनची, विझ्लीची बाग जिची ती. त्यांच्या बर्सरींचा, म्हणजे शिकायला-फिरायला दिलेल्या अनुदानांचा, निधी मोठा, पण अर्जही तितकेच कसून वाचले जातात. अमेरिकेच्या गार्डन क्लबबरोबर त्यांची १९४८ पासून अदलाबदलीची फेलोशिप आहे: इकडचा एक तिकडे, तिकडचा एक इकडे. ती पदवी घेतलेल्यांसाठी आहे आणि मिळायला अवघड. अल्पाइन गार्डन सोसायटी डोंगरी झाडांच्या प्रवासाला मदत करते, आणि हार्डी प्लांट सोसायटीची केनेथ ब्लॅक बर्सरी बहुवर्षायू झाडांवर काम करणाऱ्यांसाठी आहे. पूर्ण वर्ष काढून राहायचं असेल तर ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टरला ख्रिस्तोफर लॉइड यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. तिथे तुम्ही बागेतच राहता, बागेतच राबता. मला विचाराल तर इंग्लंडमध्ये फुलांचे वाफे शिकण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही, पण हे मत सगळ्यांना पटत नाही.

पुणे-साताऱ्याहून कोणी वाचत असेल तर त्यांनाही दोन शब्द. तिकडचे पैसे बहुतेक संस्थांमार्फत येतात. केंद्राच्या एकात्मिक फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत माळी प्रशिक्षणासाठी युनिटमागे १५ लाखांची तरतूद होती, पण ती संस्थेला, माळ्याच्या हातात नव्हे. त्यामुळे तिथे अर्ज लिहिण्यापेक्षा कृषी विद्यापीठाच्या माळी प्रशिक्षणाला किंवा 'गार्डनर' या कौशल्य अभ्यासक्रमाला प्रवेश घेणं हाच मार्ग. आणि इकडे यायचंच असेल तर १८ ते ३० वयाच्या पदवीधर भारतीयांसाठी यंग प्रोफेशनल्स स्कीमची सोडत असते. नाव लागलं, तर बँकेत २,५३० पौंड दाखवायचे आणि दोन वर्षं इथे राहून काम करायचं. आल्यावर वरचे बरेच दरवाजे उघडतात.

व्हिसाची भीती

तुमच्या व्हिसावर 'सार्वजनिक निधी घेता येणार नाही' अशी अट असते. ती वाचून आमच्याकडच्या एका मुलीने अर्ज फाडून टाकला होता. ती अट सरकारी भत्ते आणि सरकारी घरांबद्दल असते. खासगी धर्मादाय ट्रस्टने प्रवासाला दिलेले पैसे त्यात येत नाहीत. मात्र विद्यार्थी व्हिसावर असाल तर कामाच्या तासांची मर्यादा सांभाळा. दुसऱ्या बागेत बिनपगारी शिकायला गेलात तरी ते 'काम' धरलं जाऊ शकतं, म्हणून विद्यापीठाच्या व्हिसा कचेरीला आधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

प्रश्न घेऊन जा

अर्जाचा जीव इथे आहे, म्हणून इथे जास्त वेळ थांबते.

"मला लहानपणापासून झाडांची आवड आहे. क्रीट बेटावरची समृद्ध वनस्पतीसृष्टी जवळून अनुभवण्याची माझी मनापासून इच्छा आहे." असे अर्ज ढिगाने येतात. यात खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याने धरावं कुठे? आवड सगळ्यांनाच आहे, नाहीतर जानेवारीतल्या चिखलात गुडघे टेकून कोण बसेल.

आता हे बघा. क्रीटला जाण्यासाठी मी जो अर्ज केला त्याचा गाभा साधारण असा होता: "आमच्या बागेत दक्षिणेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीखाली ट्युलिपा सॅक्सॅटिलिस आहे. दरवर्षी पानं भरगच्च येतात, फुलं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. त्याचाच जवळचा भाऊबंद ट्युलिपा बेकेरी क्रीटमध्ये ओमालोसच्या पठारावर एप्रिलमध्ये फुलतो. तिथे माती किती खोल आहे, पाणी कुठून निघून जातं, उन्हाळ्यात कंदावर काय असतं, शेळ्यामेंढ्या काय खातात आणि काय सोडतात, हे मला बघायचं आहे. परत येऊन भिंतीखालचा वाफा मी दोन भागांत दोन पद्धतींनी लावणार आहे. हेड गार्डनरनी त्याला परवानगी दिली आहे."

यात झाड आहे, जागा आहे, महिना आहे, आणि न सुटलेला एक प्रश्न आहे. वाचणारे बहुतेक स्वतः माळी किंवा माजी माळी असतात आणि सॅक्सॅटिलिसने त्यांनाही कधीतरी नुसती पानं दाखवून चिडवलेलं असतं. असा अर्ज वाचताना त्यांनाही उत्तर हवंसं वाटतं, आणि ते तुम्ही आणून देणार असता.

प्रश्न कुठून आणायचा? तुमच्या रोजच्या कामातून. जे झाड तुमच्या बागेत नीट येत नाही त्याची यादी करा. ते मूळचं कुठलं ते शोधा. क्निफोफिया हिवाळ्यात कुजतो, तर तो दक्षिण आफ्रिकेच्या ड्रॅकेन्सबर्गमध्ये ओल्या उतारावर कसा उभा असतो? जपानी मॅपलची छाटणी आपल्याला जमत नाही, तर क्योटोतले माळी कोणती फांदी आधी काढतात? प्रश्न लहान असू द्या. "हवामानबदलाचा भूमध्य सागरी वनस्पतींवर परिणाम" हा दहा दिवसांत सुटणारा प्रश्न नाही आणि वाचणाऱ्यांना ते चांगलं माहीत असतं.

तारीख झाडाची, अर्ज त्याच्यामागून. ओमालोस एप्रिलमध्ये बघायचं असेल तर आदल्या उन्हाळ्यातच ट्रस्टच्या मुदती वहीत लिहून काढा. काही ट्रस्ट अर्ज बघायला वर्षातून एकदाच बसतात, काही दोन-चारदा. फुलाचा मोसम आणि निकालाचा दिवस यांच्यामध्ये तिकीट काढायला आणि व्हिसाला वेळ उरतो का, ते आधी मोजा.

ट्रस्टकडे आधीच्या मुलांचे रिपोर्ट असतात आणि बरेचसे सगळ्यांना वाचायला खुले असतात. मर्लिनचे तर आहेतच. ते वाचल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नका. तुम्हाला जायचं तिथे कोणी आधी जाऊन आलं असेल, तर अर्जात त्याचं नाव घ्या आणि त्याने काय बघायचं सोडलं ते सांगा. पुष्कळांना वाटतं, आधी कोणी गेलंय म्हणजे आपली संधी गेली. उलट, आधीच्या रिपोर्टवर पाय ठेवून पुढे जाणारा अर्ज वजनदार दिसतो.

खर्चाचा कागद

'प्रवास आणि इतर' अशी एक ओळ आणि समोर गोल आकडा, असं काही लिहू नका. लग्नाच्या याद्या करणारी आत्या आठवा, तिच्या यादीत सुपारीसुद्धा वेगळी लिहिलेली असते. तसा कागद हवा: विमान, गाडीचं भाडं, पेट्रोल, राहणं, जेवण, विमा, नकाशे आणि झाडांची पुस्तकं, स्थानिक जाणकाराचे पैसे. वय २५ च्या आत असेल तर भाड्याच्या गाडीला बहुतेक ठिकाणी जादा आकार पडतो, तो विसरू नका. प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला ते लिहा, म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या कंपनीचा भाव पाहिला ते.

आणि आपल्या पासपोर्टवाल्यांसाठी एक ओळ जास्त. तुमच्या इंग्लिश सहकाऱ्याच्या कागदावर ती नसते, म्हणून त्याचा नमुना उतरवून काढाल तर फसाल. क्रीट ग्रीसमध्ये, आणि ग्रीसला जायचं तर शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, व्हिसा लागतो. त्याची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, वर व्हिसा केंद्राचा आकार. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. ३०,००० युरोचं संरक्षण देणारा विमा लागतो. शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने तुमचा इंग्लंडचा व्हिसा शिल्लक पाहिजे. हे सगळं खर्चाच्या कागदावर उघड लिहा. व्हिसाची फी मागायला लाजायचं काही कारण नाही, झाडापर्यंत पोचण्याचा तो खर्चच आहे.

सगळे पैसे एकाच ट्रस्टकडून मागू नका. थोडे स्वतःचे घाला, थोडे दुसरीकडून मागा, आणि दोन्हीकडे हे स्पष्ट सांगा. ही मंडळी एकमेकांना ओळखतात. लपवलंत तर चहाच्या टेबलावर बाहेर येईल.

शिफारस आणि सुट्टी

शिफारसपत्र देणारा तुमच्या हाताचं काम पाहिलेला असावा. आपल्याकडची सवय म्हणजे मोठ्या पदावरच्या माणसाचं पत्र आणायचं. कुलगुरूंनी "सदर विद्यार्थिनी होतकरू असून" असं लिहिलेल्या पत्राला इथे शून्य किंमत. त्यापेक्षा हेड गार्डनरने लिहिलेलं "हिने आमच्या रोपवाटिकेतली कंदांची नोंदवही एकहाती उभी केली" हे एक वाक्य पुरतं. पत्र मागताना त्यांना तुमचा अर्ज आणि प्रश्न दोन्ही द्या, आणि मुदतीच्या पंधरा दिवस आधी द्या. एप्रिलमध्ये कोणताही माळी पत्र लिहायला बसत नाही.

सुट्टीचं आधी बोला. झाडं नेमकी फुलतात तेव्हाच बागेत काम जास्त असतं, त्यामुळे मालकाच्या कपाळावर आठी येणारच. आमच्या हेड गार्डनर बाईंना मी सांगितलं होतं की आल्यावर सगळ्या टीमला तासभर फोटो दाखवून काय पाहिलं ते सांगीन. त्यांनी सुट्टी दिली, आणि ते वाक्य मी अर्जातही घातलं.

तिथे गेल्यावर

वही. फोनमध्ये टिपणं घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण डोंगरात गार वाऱ्यात बॅटरी मरते आणि वही मरत नाही. प्रत्येक ठिकाणी त्याच गोष्टी त्याच क्रमाने लिहा: जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची, उतार कोणत्या दिशेला, माती कशी, शेजारी कोणती झाडं, कोण चरतं, पाणी कुठे. फोटो तीन तरी: पूर्ण झाड, फुलाचा किंवा पानाचा जवळून, आणि चार पावलं मागे जाऊन आजूबाजूची जागा. तिसरा फोटो सगळे विसरतात. रिपोर्ट लिहिताना सगळ्यात जास्त उपयोगी तोच पडतो.

ओमालोस समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे, चारही बाजूंनी व्हाइट माउंटन्सचे डोंगर आणि मध्ये बशीसारखं सपाट पठार. एप्रिलमध्ये वर अजून बर्फाचे पट्टे असतात. मेंढ्यांनी उघड्यावरचं सगळं कुरतडून टाकलेलं. बेकेरी ट्युलिप काटेरी झुडपांच्या आडोशाला होते आणि दगडांच्या बेचक्यांत होते, जांभळट गुलाबी, आत पिवळा डोळा. मी एका बेचक्यात बोट घातलं तर दोन पेरांवर खडक लागला. कंद त्या खडकाच्या फटीत अडकून बसलेले, बाजूला पसरायला जागाच नाही. पावसाचं पाणी वरून येतं आणि फटीतून लगेच निघून जातं. मेच्या शेवटी ती माती कोरडी ठणठणीत होते आणि शरदातल्या पावसापर्यंत तशीच राहते. आमच्या भिंतीखाली काय होतं? दीड फूट भुसभुशीत, खत घातलेली माती, आणि शेजारच्या गुलाबांना जुलैत दिलेलं पाणी. कंद ऐसपैस पसरत होते, पिल्लं घालत होते, फुलायची त्यांना गरजच नव्हती.

तिथून स्पिलीजवळच्या जिउस कांबोसला गेले. हे पठार साधारण साडेसातशे मीटरवर, आणि इथे लाल ट्युलिपा डॉर्फ्लेरी चक्क शेतात उगवतो, ओटच्या रोपांमधून. नांगरलेल्या रानात कंद टिकतो याचं मला नवल वाटलं, कारण आपल्याकडे नांगरट म्हणजे जंगली कंदाचं मरण असंच धरून चालतो. पण हलका नांगर वरवर जातो आणि कंद त्याच्या खाली असतात. नांगरामुळे गवताची दाटी मात्र होत नाही, त्यामुळे त्यांना फायदाच. ट्रॅक्टरने खोल नांगरलं तर गोष्ट वेगळी. बांधावर ऑर्किड इतकी होती की पाय कुठे ठेवावा कळेना. हे पान माझ्या अर्जात नव्हतंच, रिपोर्टमध्ये मात्र सगळ्यात लांब झालं. असं होऊ द्या. प्रश्न घेऊन गेलात की दुसरं काही दिसलं तरी ते नीट दिसतं.

बिया, कंद, फांदी, काहीही उचलू नका. हे नीतिपाठ म्हणून नाही सांगत, कायदा म्हणून सांगतेय. ऑर्किड आणि सायक्लेमेन साइट्सच्या, म्हणजे रानटी झाडा-प्राण्यांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत. युरोपातून इंग्लंडमध्ये रोप आणायला वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय २०१४ मध्ये लागू झालेल्या नागोया करारापासून, ज्या देशातून वनस्पती घ्यायची त्या देशाच्या परवानगीचा प्रश्न येतोच. अर्जातच एक ओळ लिहून टाका: "नमुने गोळा करणार नाही, फक्त नोंदी आणि फोटो." ट्रस्टच्या मंडळींचा जीव भांड्यात पडतो.

कासला जायचं असेल तर

साताऱ्याकडची मुलं मला हमखास विचारतात, आपल्याच कासला जायला पैसे मागितले तर हसतील का? हसणार नाहीत, पण शंका घेतील: हा सुट्टीला घरी चाललाय आणि तिकीट आमच्याकडून काढतोय. ती शंका प्रश्नाने खोडा. कासचं पठार म्हणजे जांभ्या दगडावर जेमतेम बोटभर माती. पावसाळ्यात तिच्यावर पाणी साचतं, ऑक्टोबरनंतर ती भाजून निघते. त्यात तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, गेंद एकामागून एक फुलून बी टाकून मोकळे होतात. लंडनमध्ये इमारतींच्या गच्चीवर जी हिरवी छपरं करतात तिथेही बोटभरच माती असते आणि तेच हाल होतात. तेव्हा "इतक्या कमी मातीत कोणतं झाड कोणत्या आठवड्यात काय करतं" हा प्रश्न घेऊन सप्टेंबरमध्ये कासला जाणारा माणूस घरी चाललाय असं कोणी म्हणणार नाही. पश्चिम घाट २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे आणि कास त्यातलं एक ठिकाण, हेही एका ओळीत सांगा. आणि आईच्या हातचं जेवणार असाल तर राहण्याजेवणाचा खर्च लावू नका, प्रामाणिक दिसतं.

एक कायद्याची गोष्ट इथेही आहे. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्यात अनिवासी भारतीयही येतात. तुमचा पासपोर्ट भारतीय असला तरी इथे राहत असाल, तर संशोधनासाठी तिथली वनस्पती घ्यायला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. बघणं आणि लिहिणं वेगळं, उचलणं वेगळं.

कोणाला वाटेल, आपण उगाच इथल्या रांगेत घुसतोय. तर ही ये-जा जुनी आहे. जर्मनीतून लंडनच्या क्यू बागेत येऊन काम केलेल्या क्रुम्बिगल नावाच्या माळ्याला सयाजीराव महाराजांनी १८९३ साली बडोद्याला बोलावून घेतलं, आणि पुढे बंगळूरच्या लालबागेची सूत्रं त्याच्याकडे गेली. एक मराठी संस्थान परदेशी माळ्याला बोलावून घेत होतं तेव्हा मर्लिन ट्रस्ट जन्मायला जवळजवळ शंभर वर्षं होती.

रिपोर्ट

परतल्यावर पहिल्या आठवड्यातच लिहायला घ्या. बागेत मे महिना सुरू झाला की तुम्ही परत कधी बसणार नाही. दिवसवार रोजनिशी नको. "सकाळी सात वाजता उठून नाश्ता केला" हे कोणाला हवंय? प्रश्नाने सुरू करा, काय पाहिलं ते ठिकाणागणिक सांगा, काय चुकीचं समजत होतो ते सांगा, आणि वाफ्यात काय करणार ते सांगा. खर्चाचा हिशेब पावत्यांसह जोडा. पैसे उरले असतील तर परत करा, लहान रक्कम असली तरी. झाडांची शास्त्रीय नावं कोणा जाणत्याकडून तपासून घ्या, हे फार महत्त्वाचं. फोटोखाली चुकीचं नाव असलं की वाचणाऱ्याचा बाकीच्या पानांवरचा विश्वासही जातो.

मी भिंतीखालच्या वाफ्याच्या डाव्या अर्ध्या भागातली माती काढून तिथे फुटलेल्या विटा आणि चुनखडीचे तुकडे भरले, वर चार बोटं खडबडीत वाळूमिश्रित माती, आणि गुलाबांची पाण्याची नळी तिथून हलवली. दुसरा अर्धा होता तसाच ठेवला. वर्षभराने दोन्ही भागांचे फोटो ट्रस्टला पाठवले. कोणी मागितले नव्हते. पण दुसऱ्या मुलीच्या अर्जाला शिफारस द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी पत्रात पहिल्यांदा त्या वाफ्याचीच चौकशी केली, डाव्या बाजूला किती फुलं आली म्हणून. डाव्या बाजूला भरपूर होती.